पाठमोरी डोकी: कृष्णवर्णीयांच्या केशरचना, कला आणि गुंफणारे हात

रानजाई | विभाग: कलादालन

काळापांढरा फोटो. एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली आहे. चेहरा दिसत नाही, मागे सामानसुमान नाही. फक्त मान, खांद्यांची कड आणि केस. बटा दोऱ्याने करकचून गुंडाळल्यामुळे काड्यांसारख्या ताठ झाल्यात आणि सगळ्या मिळून डोक्यावर मनोरा उभा राहिलाय. रचनेचं नाव ‘ओनिले गोगोरो’, योरुबा भाषेत उंच घर. फोटो नायजेरियाच्या जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांचा, 1975 चा.

ओजेइकेरेंनी (1930–2014) 1968 पासून पुढे कित्येक वर्षं बायकांच्या केशरचनांचे असे जवळपास हजार फोटो काढले. रस्त्यात, समारंभात, ऑफिसात, जिथे रचना आवडली तिथे. नायजेरिया 1960 मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी ब्रिटिश अमलात शहरी बायकांत टोप आणि सरळ केसांची चलती होती. स्वातंत्र्यानंतर जुन्या वेण्या परतल्या, आणि नव्या इमारती, नवे पूल बघून नव्या रचनाही निघाल्या. लागोसच्या एको पुलाच्या नावाचीसुद्धा एक केशरचना होती! आज केलेलं डोकं काही दिवसांत सुटणार, म्हणून त्याची नोंद राहावी, ही ओजेइकेरेंची धडपड.

आता दुसरं चित्र. अमेरिका, 1988, कलाकार लोर्ना सिम्पसन. ‘स्टिरिओ स्टाइल्स’ या कामात दहा पोलरॉइड आहेत. इथेही कृष्णवर्णीय बाई पाठमोरी, इथेही चेहरा नाही, दहा फोटोंत दहा केशरचना. मधल्या पट्टीवर वळणदार अक्षरांत कोरलेले शब्द: धाडसी, समजूतदार, कडक, वय न कळणारी, गावाकडची टवटवीत, असे. कुठला शब्द कुठल्या डोक्याचा, ते सांगितलेलं नाही. बघणारा आपसूक जोड्या लावायला लागतो आणि तिथेच पकडला जातो. बाईचे केस बघून तिचा स्वभाव, तिची लायकी, तिचं राजकारण ठरवायची सवय आपल्याला कुणी लावली, हा सिम्पसनबाईंचा सवाल.

बसायची पद्धत तीच, काम अगदी उलट. ओजेइकेरे म्हणतात, नीट बघा. सिम्पसन विचारते, काय शोधताय?

या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते ‘केस म्हणजे अस्मिता, केस म्हणजे प्रतिकार’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. ते खोटं नाही. पण त्याने माणूस गायब होतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीतल्या अँजेला डेव्हिसचंच बघा. 1970 मध्ये एफबीआयने तिचे फोटो ‘पाहिजे’ म्हणून देशभर चिकटवले, तेव्हा तिचा आफ्रो (कुरळ्या केसांचा फुललेला गोल) जगाला माहीत झाला. 1971 मध्ये वॉड्सवर्थ जॅरेल या शिकागोच्या चित्रकाराने तिचं चित्र केलं. झगझगीत रंग, आणि केस, अंग, कपडे सगळं तिच्या भाषणांतल्या शब्दांनी भरलेलं. 1972 मध्ये ती खटल्यातून निर्दोष सुटली. पुढे 1994 मध्ये तिने एक निबंध लिहिला. तक्रार अशी की नव्या पिढीला आपण आठवतो ते एक केशरचना म्हणून; मुक्तीच्या राजकारणाची फॅशन झाली. तिचे त्या काळचे फोटो बघून मासिकवाले मॉडेलला तसे कपडे नि केस करून छापत होते, त्यावरून ती वैतागली होती.

जॅरेल यांच्या चित्रात मात्र केस शब्दांचे आहेत. ते बघायचे असतील तर वाचावे लागतात, म्हणून ते चित्र मला अजून जिवंत वाटतं. मासिकातल्या फोटोत नुसता आकार उरला.

मला खुपणारी गोष्ट मात्र आणखी वेगळी आहे. ओजेइकेरेंच्या फोटोखाली रचनेचं नाव असतं, फोटो काढणाऱ्याचं असतं. केस गुंफणारीचं नसतं. हजार फोटो म्हणजे किती बोटं, किती दुपारी! या कलेत गुंफणारीला कलाकार कोण म्हणतं? त्यावर बोलावं म्हणून हा धागा. तुम्ही पाहिलेलं, वाचलेलं सांगा. नुसतं ‘छान माहिती’ लिहू नका (लिहिलंत तरी चालेल).

---

अण्णा_डोंबिवलीकर

छान माहिती. :)

पण ताई, एक प्रामाणिक शंका. केसच ना हे? आमची आई रविवारी आमच्या बहिणींच्या डोक्याला तेल थापून घट्ट वेण्या घालायची, त्यात कुठलं आलंय राजकारण. हल्ली चित्रकारांना प्रत्येक गोष्टीत अत्याचार दिसतो आणि गॅलरीवाल्यांना त्यात पैसा दिसतो. वेणी ही वेणी म्हणून सुंदर असू नये का?

---

निळाई

अण्णा, तुमच्या बहिणींच्या वेण्यांवर सरकारने कधी कायदा केला नव्हता.

1786 मध्ये लुइझियानात (तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं) गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं की आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांनी केसांत पिसं, दागिने घालून मिरवू नये, डोक्याला फडकं बांधावं. त्या फडक्याला ‘टिन्यों’ म्हणत. हेतू हा की त्या गोऱ्या बायकांच्या बरोबरीच्या दिसू नयेत, गुलाम बायकांच्या रांगेत दिसाव्यात. बायकांनी काय केलं? भारी रंगीत कापडं आणली आणि अशी बांधली की फडकंच नटणं होऊन बसलं.

दक्षिण आफ्रिका घ्या. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारायचा होता. संशय आला की केसांत पेन्सिल खोचायचे. पडली तर एक वंश, अडकली तर दुसरा. त्यावरून राहायची वस्ती, शाळा, लग्न कुणाशी करायचं, सगळं ठरायचं. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या वंशांत टाकली गेली.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीच्या कर्मचारी बाई हरल्या. कामावर कॉर्नरो (टाळूला धरून घातलेल्या बारीक वेण्या) घालायला मनाई होती. न्यायालय म्हणालं, केसांचा आफ्रो निसर्गाने मिळतो, वेण्या घालणं ही तुमची निवड आहे, त्या सोडता येतात.

वेणी वेणी म्हणून सुंदर असतेच हो. पण वेणी घातली म्हणून नोकरीवर गदा आली की ती नुसती वेणी राहत नाही, आणि ते चित्रकाराने ठरवलेलं नसतं.

---

टेक्सासची_ताई

निळाई +१. इकडचं ताजं सांगते. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने पहिला ‘क्राउन’ कायदा केला: केसांचा नैसर्गिक पोत, वेण्या, लॉक्स (जटांसारख्या वळलेल्या बटा) यांवरून शाळेत नि कामावर भेदभाव करायचा नाही. मग एकामागून एक राज्यं आली. देशपातळीवर 2022 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, सेनेटमध्ये अडकला. आमच्या टेक्सासमध्ये सप्टेंबर 2023 पासून लागू आहे. आणि लागू झाल्याझाल्याच ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने लॉक्स ठेवणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर बसवलं. शाळेचं म्हणणं, आमचा आक्षेप केसांच्या प्रकाराला नाही, लांबीला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधीशांनी शाळेची बाजू धरली, कारण कायद्यात लांबीचा उल्लेखच नाही. लॉक्स बांधून डोक्यावर घेतले तरी ‘सोडले असते तर लांब पडले असते’ हा हिशोब!

माझ्या ऑफिसातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात केस कसे न्यायचे यावर जितका विचार करतात, तितका मी उत्तरांवर केला नव्हता.

---

फणीवाली

मी इचलकरंजीत पार्लर चालवते. कलेतलं कळत नाही, केसांतलं कळतं. रानजाईताईंनी नाव घेतलं तो ओनिले गोगोरो शोधून बघितला आणि आज दुपारभर गिऱ्हाइकांनाही दाखवला.

बटेभोवती दोरा मुळापासून टोकापर्यंत घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळलाय. पिळलेली बट ताठ उभी राहते, आणि पाहिजे तशी वाकवली की वाकलेलीच राहते. म्हणून मनोरे, कमानी, पूल जमतात. पिना नाहीत, स्प्रे नाही. सगळ्यात अवघड काम वरचं नाही, खालचे भांग. फोटो मोठा करून मानेजवळचे चौकोन बघा, एकही रेघ हललेली नाही. ते डोक्याला आरसा न लावता, नुसत्या नजरेनं आणि फणीच्या शेपटीनं पाडलेत.

कॉर्नरोचंही सांगते. आपण सागरवेणी घालतो तेव्हा बाजूचा पेड मधल्याच्या वरून नेतो, त्यामुळे वेणी केसांत बसते. कॉर्नरोत पेड खालून न्यायचा आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे केस उचलत जायचं, मग वेणी टाळूवर उठून दिसते. बारीक वेण्यांचं पूर्ण डोकं म्हणजे पाच-सहा तास सहज. ते सगळे तास एक बाई खाली मान घालून बसणार आणि दुसरी उभी. गप्पा होणारच. घट्ट ओढलं तर कानाजवळचे, कपाळावरचे केस कायमचे जातात, तेव्हा हात हलका लागतो आणि वेणी मात्र घट्ट. हे शिकायला वर्षं जातात.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाव लिहायला पाहिजे होतं.

---

रानजाई

फणीवाली, साष्टांग नमस्कार! खालून पेड नेण्याची गोष्ट मी वाचलेल्या एकाही कलासमीक्षेत नव्हती.

तुमच्यासाठी दोन नावं. पहिलं सोन्या क्लार्क. मूळची विणकर-वस्त्रकलाकार. तिचं म्हणणं असं की केस गुंफणं ही सगळ्यात जुनी धाग्याची कला. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात (यादवीत दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी हीच) तिने तिथल्या कृष्णवर्णीय केशकलाकार बायकांना बोलावलं आणि आपलं डोकं त्यांच्या हवाली केलं. प्रत्येकीने दोन कामं करायची, एक क्लार्कच्या डोक्यावर आणि दुसरं कॅनव्हासवर रेशमी धाग्यांनी. डोक्यावरच्याचा फोटो, पुन्हा पाठमोराच, आणि शेजारी कॅनव्हास. प्रत्येक कामाबरोबर त्या त्या बाईचं नाव! 2014 मध्ये मिशिगनमधल्या ‘आर्टप्राइझ’ स्पर्धेत परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक या कामाला विभागून मिळालं.

याच क्लार्कने 2008 मध्ये मॅडम सी. जे. वॉकर यांचं मोठं चित्र 3840 काळ्या कंगव्यांतून केलंय, दात तोडून तोडून उजेड-सावली आणलीय. वॉकरबाई 1867 मध्ये लुइझियानात जन्मल्या, आईबाप गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले. कपडे धुण्याचं काम करता करता केसांच्या उत्पादनांचा धंदा उभारला, हजारो विक्रेत्या बायका तयार केल्या. अशा बाईचं चित्र ज्यातून केलंय तो कंगवा बारीक दातांचा, कुरळ्या केसांत शिरता शिरता मोडणारा. गौरव आणि टोचणी दोन्ही एका वस्तूत आहेत. अण्णा, हे चित्र बघाच. राजकारण बाजूला ठेवून बघितलंत तरी हरकत नाही, ते तुम्हाला येऊन गाठेल.

दुसरं नाव चित्रकार केरी जेम्स मार्शल. त्याच्याबद्दल सवडीने लिहिते, पोळ्या राहिल्यात.

---

पांथस्थ

मार्शलवर मी लिहितो, पोळ्या होऊ द्या.

1993 चं ‘डी स्टाइल’. न्हाव्याचं दुकान, भिंतीशी आरसा, बाटल्या, कॅलेंडर, आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर झाडांसारखे वाढलेले केस. चित्र साडेआठ फूट उंच आणि दहा फूट रुंद. युरोपात या मापाची चित्रं राजे, लढाया आणि संतांसाठी राखून असत. मार्शलने ते माप न्हाव्याला दिलं. लॉस एंजेलिसच्या कौंटी संग्रहालयाने ते लगेच विकत घेतलं, आणि मोठ्या संग्रहालयाने घेतलेलं त्याचं हे पहिलं काम.

त्याचं 2012 चं ‘स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर’ मला जास्त आवडतं. ब्यूटी पार्लर, बायकांची गजबज, मागच्या आरशात कॅमेऱ्याचा लखलखाट. आणि पुढे जमिनीवर ताणून वेडावाकडा केलेला एक पिवळ्या केसांचा आकार. तिरकं बघितलं की डिस्नेच्या झोपलेल्या राजकन्येचं डोकं. ही युक्ती जुना युरोपी चित्रकार होल्बाइन याच्या 1533 च्या चित्रातल्या कवटीची, तीही तिरकं बघितल्यावरच दिसते. पार्लरमधल्या मोठ्या बायकांना तो आकार दिसतही नाही, एक लहान मूल मात्र वाकून बघतंय. सौंदर्याचं परकं माप घरात कसं पडलेलं असतं आणि आधी कुणाच्या नजरेला पडतं, हे एका आकारात सांगितलंय.

धागाकर्तीच्या मूळ मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. देवळाच्या शिल्पाचा फोटो काढला तर खाली शिल्पकाराचं नाव नसतं, कारण बहुतेकदा माहीतच नसतं. ओजेइकेरेंनी निवड केली, उजेड ठरवला, मागचा भाग कोरा ठेवला. तो कोरेपणा नसता तर ते लग्नातले फोटो झाले असते. कलाकार तेच. हात कुणाचे हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे.

---

रानजाई

शिल्पकार मेलेला असतो, पांथस्थ. गुंफणारी दोन गल्ल्या सोडून राहत होती.

---

कोकणकडा

मूळ आफ्रिकेत मुखवटा घडवणाऱ्यांनी तरी केस कसे पाहिले तेही येऊ दे. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये सिएरा लिओनचे सोवेइ मुखवटे पाहिले होते. मेंडे आणि शेजारच्या लोकांत सांदे ही बायकांची संस्था आहे, मुलींना वयात येताना शिकवण देणारी. तिचे काळे चकचकीत लाकडी मुखवटे बायकाच घालून नाचतात. मुखवटे नाचवणं बहुतेक ठिकाणी पुरुषांची मक्तेदारी, म्हणून हे विशेष. कपाळ रुंद, डोळे मिटल्यासारखे, तोंड इवलंसं, आणि वरचा निम्मा भाग नुसती केशरचना! वेणीचा पेडन् पेड कोरलेला. एकोणिसाव्या शतकातल्या एका मुखवट्यावर वेण्यांच्या वर चक्क साहेबाची उंच टोपी कोरली आहे. त्या टोपीसमोर मी बराच वेळ उभा होतो. साहेबाची थट्टा, की साहेबाच्या रुबाबाची उसनवारी? ठरवता येईना.

शिवाय काँगोतल्या लुबा लोकांच्या लाकडी उशा. केस मोडू नयेत म्हणून मान त्यावर टेकवून झोपायचं. त्यातल्या काही उशा इतक्या एका हाताच्या वाटतात की अभ्यासकांनी त्या अनाम कारागिराला ‘धबधबा केशरचनेचा उस्ताद’ असं नावच दिलंय, कारण उशीतल्या आकृतीचे केस पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतात. म्हणजे पांथस्थ, नाव माहीत नसलं तरी कलाकार मानता येतो.

---

दगडोबा

ड्रेडलॉक्स आपल्याच साधूंच्या जटा, हे कुणी बोलेना! उसाच्या मळ्यात राबायला इथून मजूर जमैकात गेले, जटा आणि गांजा घेऊन. ‘गांजा’ शब्दसुद्धा तिकडे आपलाच आहे. म्हणजे बॉब मार्लीच्या डोक्यावर भारत आहे.

---

निळाई

शब्द आपला, हे खरं. 1845 पासून भारतीय मजूर जमैकात गेले हेही खरं. पण जटा ‘आपल्याच’ म्हणणं ही उडी आहे. रास्ताफारी पंथ (मार्लीचा पंथ) जमैकात 1930 च्या दशकात उभा राहिला, इथिओपियाच्या हैले सेलासींच्या राज्याभिषेकानंतर. त्यांनी केस न कापण्याला आधार घेतला बायबलमधल्या नाझिरी व्रताचा. केनियातल्या माऊ माऊ बंडखोरांचे लांब जटांचे फोटो पाहून प्रेरणा घेतली असं दुसरं मत आहे. साधूंचा प्रभाव असं तिसरं. अभ्यासक अजून भांडतायत. शिवाय न विंचरलेले केस जगात कुठेही आपोआप जट धरतात, त्याला निर्यात परवाना लागत नाही.

आणि जटांचा अभिमान बाळगायचा तर तो पूर्ण बाळगा. महाराष्ट्रात नि सीमाभागात मुलीच्या केसांत जट झाली की देवीचं बोलावणं समजून तिला यल्लम्माला सोडत. आजही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजावून, बायकांच्या मानेवरचं ते ओझं कापतात. रास्ताची जटा त्याने स्वतः राखलेली असते. या बायकांना कुणी विचारलेलं नसतं.

---

दगडोबा

बरं बरं. मार्ली परत केला.

---

संपादक_मंडळ

जटेवर वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे विषय कृष्णवर्णीय केशरचना आणि कला.

---

उंबरा

विषयाला धरूनच लिहितो. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, ती नावासकट अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे बघून. तिकडच्या कवितेचा, मासिकांचा प्रभाव इथल्या विद्रोही कवितेवर आहे, त्यावर ढीगभर लिहून झालंय. पण ‘काळं तेच सुंदर’ ही घोषणा तिकडे आधी कॅमेऱ्यातून आणि केसांतून रुजली, हे आपल्याकडे फारसं बोललं गेलं नाही. जानेवारी 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत फोटोग्राफर क्वामे ब्रॅथवेट, त्याचा भाऊ आणि सोबत्यांनी ‘नॅचरली 62’ नावाचा कार्यक्रम केला. ग्रँडासा मॉडेल्स म्हणून ओळखल्या गेलेल्या मुली सरळ न केलेल्या केसांनी, आफ्रिकी कपड्यांत मंचावर आल्या. ब्रॅथवेट (1938–2023) त्यांचे फोटो काढत राहिला. प्रेक्षकांत हसणारेही होते, कारण तोवर कृष्णवर्णीय मासिकांच्या जाहिरातीसुद्धा केस सरळ करायच्या मलमांच्या नि टोपांच्या.

त्याच जाहिराती घेऊन एलन गॅलघर या चित्रकर्तीने 2004–05 मध्ये ‘डीलक्स’ केलं. साठ छापचित्रं, जुन्या मासिकांची पानं. टोपांच्या जाहिरातीतल्या बायकांच्या डोक्यावर तिने पिवळ्या प्लॅस्टिसिनचे (मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचे) टोप चिकटवलेत, कित्येकींचे डोळे खोडलेत. बघताना आधी हसू येतं. मग त्या बायकांचे कपडे, नीटनेटकी कॉलर, नोकरीला निघाल्याचा आव दिसतो आणि हसू जातं. टोप ही त्यांची हौस होती तशी नोकरीची अटही होती.

---

सुपारी_कात्री

टोपावरून आठवलं, खराखुरा भारतीय धागा इथे आहे. आमच्या लहानपणी मिरजेत दारावर ‘सुया घे, पोत घे’ करत बाया यायच्या आणि बदल्यात गुंतवळ न्यायच्या. आजी फणीतून निघालेले केस गुंडाळी करून खिडकीच्या भेगेत साठवायची. आम्हाला वाटायचं या केसांचं करतात तरी काय! तर हे सगळं टोप आणि गंगावनाच्या धंद्यात जातं. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला गुंतवळ उकलून, निवडून, बांधून देणं हाच उद्योग आहे. तिरुपतीला मुंडण केलेले केस तर देवस्थान लिलावाने विकतं, त्यांना भाव जास्त, कारण सगळ्या केसांची मुळं-टोकं एका दिशेला असतात.

---

टेक्सासची_ताई

अगदी! इथल्या ब्यूटी सप्लाय दुकानांत भिंतभर पाकिटं असतात ‘इंडियन हेअर’ म्हणून. एका दुकानात विक्रेतीने माझ्या शेपट्याकडे बघून मैत्रिणीला डोळा मारला होता. मी पर्स छातीशी धरली, उगाच.

---

रानजाई

सुपारी_कात्री, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. आजीच्या भेगेतली गुंतवळ आणि गॅलघरचे पिवळे टोप एकाच धंद्याची दोन टोकं आहेत.

गळालेल्या केसांवरून अमेरिकी कलाकार डेव्हिड हॅमन्सचं नाव आलंच पाहिजे. 1970 च्या दशकापासून त्याने कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या दुकानांत जमिनीवर पडलेले केस झाडून गोळा केले. ते तारांवर ओवले, जाळ्यांत विणले, पुढे दगडावर चिकटवून त्या दगडाचं डोकं केलं. त्या केसांचा मालक कोण, कुठल्या वयाचा, काही कळत नाही. बाजाराला किंमत नसलेली, पण कुणाचे आहेत हे बघताक्षणी कळणारी वस्तू त्याने गोऱ्या भिंतींच्या गॅलरीत नेऊन ठेवली.

आणि उंबरा, तुमच्या 1962 वरून सांगते. फिलाडेल्फियात 2017 मध्ये कलाकार हँक विलिस थॉमसने आठ फुटी आफ्रो कंगवा उभा केला, मुठीच्या आकाराची मूठ असलेला, दात जमिनीत रोवलेले. जागा बघा: फ्रँक रिझोच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर. हा रिझो 1970 मध्ये पोलीसप्रमुख असताना पँथर कार्यकर्त्यांना भर रस्त्यात नागडं करून झडती घेतली गेली होती, नंतर तो महापौर झाला. जून 2020 मध्ये पुतळा शहराने हलवला. कंगवा तोवर केव्हाच तिथून गेला होता. पण काही आठवडे ते दोघे समोरासमोर होते, ही गोष्ट मला शंभर निबंधांपेक्षा जास्त आवडते.

---

बकुळ_2

मी आजवर वाचनमात्र. प्रश्न बाळबोध आहे. गोव्याला किनाऱ्यावर बाया पर्यटकांच्या डोक्यात रंगीत दोरे घालून बारीक वेण्या घालून देतात. माझ्या लेकीने हट्टाने घालून घेतल्या. हे चुकलं का? हल्ली यावरून नेटवर मारामाऱ्या होतात.

---

निळाई

लेकीला काही म्हणू नका, तिने हौसेने वेण्या घातल्या. तक्रार असते ती मोठ्या ब्रँडांची आणि मासिकांची. तीच वेणी कृष्णवर्णीय मुलीच्या डोक्यावर ‘अस्वच्छ’ आणि गोऱ्या मॉडेलच्या डोक्यावर ‘नवी’ म्हणून विकली जाते, त्याची. 2017 मध्ये लंडनच्या एका मासिकाने मुखपृष्ठावरच्या सोलांज नोल्स या गायिकेच्या डोक्यावरची वेण्यांची वर्तुळाकार रचना संगणकावर चक्क पुसून टाकली. त्याच वर्षी दुसऱ्या मासिकाने लुपिता न्योंगो या अभिनेत्रीचे मागे बांधलेले कुरळे केस छाटून गुळगुळीत केले. दोघींनी जाहीर निषेध केला, माफ्या मागितल्या गेल्या. लेकीला हा किस्सा सांगा, मजेने ऐकेल.

---

अण्णा_डोंबिवलीकर

सगळा धागा वाचला. चित्रंही शोधून पाहिली. कंगव्यांचं चित्र आवडलं, हॅमन्सचा केसाळ दगड आवडला नाही, किळस आली. गॅलरीत पैसा असतो हे माझं मत कायम आहे. मात्र ते पेन्सिलचं प्रकरण मला माहीत नव्हतं. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, आपल्याकडे विधवांची डोकी भादरली जायची आणि 1890 च्या सुमाराला कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधकांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी ते काम करायचं नाकारलं, ते विसरलात का. विसरलो नव्हतो, जोडलं नव्हतं.

---

पांथस्थ

अण्णा, किळस येणं हा त्या दगडाचा अर्धा अर्थ आहे. :)

रानजाई, हातांच्या मुद्द्यावर एक कबूल. सिमोन लीचं ‘ब्रिक हाउस’ आठवलं. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर 2019 मध्ये उभारलेला सोळा फुटी ब्राँझचा अर्धपुतळा. धड घरासारखं, डोक्यावर आफ्रो, कडेने वेण्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला कवडी. डोळे नाहीत. इथे वेण्याही शिल्पातच घडलेल्या, शिल्पकार आणि गुंफणारी वेगळी नाही. तिथे तुमचा प्रश्न पडतच नाही. तो पडतो फोटोत, कारण फोटो दुसऱ्याचं काम उचलतो. पण मग क्लार्कच्या प्रकल्पातसुद्धा पारितोषिकावर नाव क्लार्कचंच लागलं ना?

---

फणीवाली

मधे बोलते. पार्लरचं नाव माझं आहे, कापणारी दुसरी आहे. गिऱ्हाईक विचारतं ‘मागच्या वेळी कुणी केले होते?’ आणि तिच्याकडेच बसतं. पाटी कुणाची यापेक्षा गिऱ्हाइकाला हात ओळखता येतो की नाही, ते महत्त्वाचं. क्लार्कबाईंनी प्रत्येकीचं काम वेगळं टांगलं आणि खाली नाव दिलं, म्हणजे बघणाऱ्याला हात ओळखता येतो. माझ्यालेखी तेवढं पुरे. ओजेइकेरेंच्या हजार फोटोंत एकाच बाईचे हात किती फोटोंत असतील, मला आता तेच शोधायची हौस आलीय. भांगांवरून कळेल. चौकोन पाडणारीची सवय लपत नाही.

---

रानजाई

फणीवाली, एवढं कराच. मोठ्या आकारातल्या चित्रांच्या लिंका व्यनि (खासगी निरोप) करते. कुठल्या दोन फोटोंत एकच हात वाटतो ते इथे लिहा, पांथस्थ भांडायला तयार आहेतच.